मंद उजेडातील बादशहा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ११ नोव्हेंबर २०१७ पासून १८ फेब्रुवारी २०१८ पर्यंत 'भारत आणि जग : नऊ कथांतून इतिहास' हे प्रदर्शन भरले होते. स्वातंत्र्याच्या सत्तर वर्षांचे औचित्य साधून हे संग्रहालय, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांनी ते संयुक्तपणे उभे केले. देशातील इतर अनेक संग्रहालयांनीही आपल्या वस्तू दिल्या आणि सुमारे दोनशे वस्तू एकत्र आल्या. तमिळनाडूतील अतिरम्पाक्कम येथील अश्मयुगीन हातकुऱ्हाड, आपल्या नालासोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा, रोमन संगमरवरातील थाळीफेक करणारा तरुण अशा वस्तू एकाच छताखाली पाहण्याचा योग मुंबईकरांना एरवी येत नाही. थाळीफेक्याचे मस्तक सापडल्यानंतर चुकीच्या दिशेने जोडले गेले आहे. मूळ शिल्पात तो मागे, हातातील थाळीकडे पाहत होता. दोन शतके ती चूक तशीच राहिली आहे आणि तरीही त्याच्यासमोर गर्दी होते.

या सर्व वस्तूंत एक कागद होता. आकाराने तो वहीच्या पानाहून फार मोठा नाही. त्यावर तपकिरी शाईने व पातळ छटांनी काढलेला एक हिंदुस्थानी बादशहा दिसतो आणि त्याच्यापुढे एक सरदार रुजू झालेला आहे. बादशहा जहांगीर, आणि चित्रकार हॉलंडचा रेम्ब्रांट. हे रेखाटन १६५६ ते १६६१ या काळातील मानले जाते. जहांगीर त्यापूर्वीच, १६२७ मध्ये, वारला होता. रेम्ब्रांटने आपला देश कधी सोडला नाही. त्याच्या अॅमस्टरडॅमच्या घरात हा बादशहा पोहोचला कसा, या प्रश्नाचे उत्तर कलेच्या इतिहासात जितके आहे, त्याहून अधिक व्यापाराच्या इतिहासात आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरतेस वखार घातली. मसाले इकडे विकावेत, सुती कापड आणि नीळ उचलावी, कापड पुढे आग्नेय आशियात देऊन पुन्हा मसाले घ्यावेत, असा तो फिरता व्यवहार होता. सुरतेच्या बाजारात या कंपन्यांची गाठ विरजी वोरांसारख्या जैन सावकाराशी पडे. इंग्रज कंपनीला वेळोवेळी मोठ्या रकमा कर्जाऊ देणाऱ्या या गृहस्थाचे नाव त्या काळच्या वखारीच्या कागदपत्रांत पुन:पुन्हा येते. मुघल दरबारची लघुचित्रे याच वाटांनी, कापडाच्या गाठोड्यांबरोबर, हॉलंडला गेली. तिकडच्या हौशी संग्राहकांनी ती विकत घेतली. आणि रेम्ब्रांटने ज्यावर रेखाटन केले तो कागदही हॉलंडचा नव्हता, तो जपानी होता. १६४१ नंतर जपानात व्यापाराची मुभा असलेले युरोपीय म्हणजे केवळ डच. तेव्हा आग्रा, सुरत, नागासाकी आणि अॅमस्टरडॅम यांचा जमाखर्च या एका पानावर भेटतो.

चित्रकाराच्या बाजूने मात्र हा जमाखर्च तुटीचा होता. रेम्ब्रांटने १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरना घर घेतले आणि त्याचे हप्ते त्याला कधीच पूर्ण फेडता आले नाहीत. नाव मोठे होते, कामे मिळत होती, परंतु शंख-शिंपले, शस्त्रे, पुतळे, चित्रसंग्रह विकत घेण्याची त्याची हौस मिळकतीच्या पुढे धावत होती. पत असलेला मनुष्य पतीवरच कसा बुडतो याचे हे चांगले उदाहरण म्हणावे लागेल. जुलै १६५६ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सरकारी कारकुनांनी घरात येऊन खोलीखोलीतून ३६३ नोंदींची यादी केली. त्या यादीत आगळ्यावेगळ्या लघुचित्रांचा एक संग्रह नोंदलेला आहे. तो मुघल चित्रांचाच असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. हातची चित्रे जाणार म्हणून त्याने त्यांच्या प्रती काढून ठेवल्या, असेही काहींनी सुचवले आहे. तसे असेल वा नसेल, त्याने या चित्रांवर खर्चिलेला वेळ डोळ्यांत भरतो. अन्य चित्रकारांच्या कामावरून त्याने क्वचितच इतक्या प्रती केल्या. मुघल चित्रांवरून केलेली तेवीस रेखाटने आज उपलब्ध आहेत. लंडनच्या जोनाथन रिचर्डसन या संग्राहकाच्या १७४७ मधील लिलावाच्या यादीत अशी पंचवीस रेखाटने नोंदलेली होती.

मुंबईचे प्रदर्शन संपल्यावर महिन्याभरातच, मार्च २०१८ मध्ये, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने या एकाच विषयाला वाहिलेले प्रदर्शन भरविले आणि रेम्ब्रांटच्या रेखाटनांशेजारी त्या धर्तीची मुघल चित्रे मांडली. शेजारी ठेवल्याने फरक लगेच कळतो. मुघल चित्रकाराच्या कामात पागोट्याचा प्रत्येक पेच, कट्यारीची प्रत्येक कडी मोजून घ्यावी अशी. रेम्ब्रांट वस्त्राचा घोळ दोन फटकाऱ्यांत उरकतो आणि मान कशी वळली आहे, हात कसा विसावला आहे याकडे लक्ष देतो. त्याने रंग जवळजवळ सोडून दिला. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद निरर्थक आहे. एकाने बादशहाचा रुबाब टिपला, दुसऱ्याने त्या रुबाबामागचा बसलेला मनुष्य. त्याने वापरलेल्या काही चित्रांच्या धर्तीची चित्रे व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहेत. अठराव्या शतकात तेथे मुघल लघुचित्रे कापून, जोडून, भिंतींवरील लाकडी चौकटींत बसविली गेली. आवडीपोटी केलेले हे नुकसान आहे, आणि संग्रहाच्या इतिहासात ते विरळ नाही.

याच जहांगीराचे आणखी एक चित्र आहे, आणि ते या मासिकाच्या वाचकांच्या अधिक जवळचे आहे. संवत १६६७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६१० मध्ये, आग्र्याच्या जैन संघाने गुजरातेत आचार्य विजयसेनसूरींना एक विज्ञप्तिपत्र पाठविले. साधुमहाराजांना चातुर्मासाची विनंती करणारी किंवा संवत्सरीची क्षमापना कळविणारी ही लांबलचक पत्रे चित्रांनी सजविण्याची प्रथा होती. गावातील बाजारपेठ, मंदिरे, मिरवणुका त्यांत रंगविल्या जात. आग्र्याच्या पत्रास निमित्त मोठे होते. पर्युषणात पशुहत्या बंद ठेवण्याचे जहांगीराचे फर्मान निघाले होते आणि ती वार्ता आचार्यांना चित्रासह कळवायची होती. हे काम संघाने खुद्द बादशाही चित्रकार उस्ताद शालिवाहन याच्याकडे सोपविले. झरोक्यात जहांगीर, खाली दरबार, फर्मान स्वीकारणारे जैन मुनी असा तो प्रसंग आहे. आपण त्या वेळी जे पाहिले तसेच रंगविले, अशी नोंद त्यावर आहे. हा पट अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई संस्थेत जतन केलेला आहे.

दोन्ही चित्रे मनात शेजारी मांडून पाहण्यासारखी आहेत. एकाचा चित्रकार दरबारात उभा होता, दुसऱ्याने दरबार जन्मात पाहिला नाही. एक संघाच्या वर्गणीतून साकारले, दुसरे कर्जात बुडालेल्या माणसाच्या टेबलावर. दोहोंच्या मागे व्यापारी आहेतच. आणि हेही सांगितले पाहिजे की फर्मानाचा तो सुखद प्रसंग टिकला नाही. पुढे काही वर्षांनी याच जहांगीराने जैन यतींवर रुष्ट होऊन त्यांना राज्याबाहेर घालविण्याचा हुकूम काढला. शालिवाहनाच्या पटात ते येणे शक्य नव्हते, परंतु चित्र पाहणाऱ्याने ते विसरू नये.

आता प्रदर्शनाच्या दुसऱ्या बाजूकडे. कागदावरील चित्रांच्या दालनात शिरणाऱ्या प्रेक्षकाची पहिली तक्रार उजेडाची असते. पैसे देऊन आत यावे आणि चित्र नीट दिसू नये, हे त्याला पटत नाही. परंतु कागद आणि रंग यांच्यासाठी सुमारे पन्नास लक्स एवढाच प्रकाश सुरक्षित मानला जातो आणि तोही काही महिनेच, त्यानंतर त्या चित्राला दीर्घ काळ अंधारात विश्रांती द्यावी लागते. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते, विश्रांतीने ती भरून निघत नाही. व्यवहाराच्या भाषेत, इथे व्याजावर भागत नाही, दर प्रदर्शनाला मुद्दलातून थोडे खर्च होते. पिढ्यांनंतर येणाऱ्या प्रेक्षकाच्या वाट्याचे आजचा प्रेक्षक पाहून घेतो. मग असे चित्र हजारो मैल न्यावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो आणि त्याचे सोयीचे उत्तर नाही.

नेण्याचे ठरले की जे सुरू होते ते बँकेतील तारण-व्यवहाराहून फार निराळे नसते. वस्तू निघण्यापूर्वी तिच्या अवस्थेचा अहवाल लिहिला जातो: कोपरा दुमडलेला, डाग, चीर, सर्व छायाचित्रांसह. पोहोचल्यावर दोन्ही पक्षांचे जाणकार त्याच अहवालाशी वस्तू ताडून सह्या करतात. पेटी आल्याबरोबर उघडत नाहीत, नव्या हवेशी जुळवून घेण्यासाठी साधारण दिवसभर ती तशीच ठेवतात. विमा असतो तो मूळ भिंतीवरून वस्तू उतरल्यापासून पुन्हा त्याच भिंतीवर लागेपर्यंत. मौल्यवान वस्तूंबरोबर संग्रहालयाचा माणूस प्रवास करतो. पण या सर्व कागदांच्या आधी एक गोष्ट लागते: घेणाऱ्याची पत. हवेची आर्द्रता राखता येते का, पहारा कसा आहे, ठरल्या दिवशी वस्तू परत येईल का, याची खात्री पटल्याशिवाय कोणी काही देत नाही. मुंबईच्या संग्रहालयाने ती पत अनेक वर्षांत मिळविली आहे. मूळ संग्रहातही व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. शेठ पुरुषोत्तम विश्राम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्ये विकत घेतला गेला, पुढे रतन टाटा व दोराबजी टाटा यांचे संग्रह आले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या संग्रहालयात भारतातून गेलेल्या असंख्य वस्तू आहेत, त्याच्याकडून काही महिन्यांच्या बोलीवर उसने घ्यायचे आणि त्याला देवाणघेवाण म्हणायचे, हा व्यवहार समान पातळीवरचा आहे काय? नाही, पूर्णपणे नाही. अमरावतीची शिल्पे लंडनलाच आहेत. तथापि मुंबईच्या प्रदर्शनात जगाची मांडणी भारतीय वस्तूंच्या आधाराने झाली, मथळे येथे ठरले, कथा येथून सांगितली गेली, हा बदल लहान म्हणता येणार नाही. मालकीचा वाद त्यामुळे मिटत नाही आणि मिटल्याचे भासवूही नये. परंतु वाद मिटेपर्यंत काहीच पाहायचे नाही, असे ठरविले तर मुंबईच्या शाळकरी मुलाला तो जहांगीर कधी दिसणार?

मुंबईनंतर हे प्रदर्शन दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. रेम्ब्रांटचा जहांगीर आज ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र व रेखाटन विभागाच्या संग्रहात आहे. अशी रेखाटने बहुतेक काळ पेटीतच असतात, परंतु त्या विभागाच्या अभ्यासिकेत आगाऊ वेळ ठरवून सामान्य माणूसही ती मागवू शकतो. त्यासाठी पदवी लागत नाही, प्रवेशमूल्य नाही. लंडनला मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या आपल्यातील मंडळींनी निघण्यापूर्वी तेवढे एक पत्र पाठवून ठेवावे. शालिवाहनाचा पट मात्र अहमदाबादला, रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे.