आर्द्रात फायनल?

मंडळी, जरा वैतागूनच लिहितोय. महाराष्ट्र प्रीमियर लीग जूनमध्ये का भरवतात? गहुंजेचं स्टेडियम झकास आहे, मान्य. पण आभाळावर छप्पर नाही ना राव!

2023 ची फायनल आठवा. 29 जून, ऐन आषाढी एकादशी. रत्नागिरी जेट्स विरुद्ध केदार जाधवची कोल्हापूर टस्कर्स. कोल्हापूरची बॅटिंग चालू असतानाच पावसाने घोळ घातला, राखीव दिवसही पाण्यात गेला. साखळीत पहिले म्हणून रत्नागिरी विजेते. नियमाने बरोबरच, माझं भांडण रत्नागिरीशी नाहीच. पण फायनलसाठी आठवडाभर ताटकळलेल्या माणसाच्या हातात गुणतक्ता ठेवायचा?

आमच्या भोर-वेल्ह्यात (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) कुणालाही विचारा. जूनअखेरीस मृग सरून आर्द्रा लागलेली असते, भाताची रोपं तरारलेली, माणसं लावणीच्या तयारीत. ढग इथले काय, मावळातले काय, सह्याद्रीचेच. निकालाला दोन्हीकडून निदान 5-5 ओव्हर लागतात. तेवढी उघडीप मिळाली तरी बॉल ओला, स्पिनरच्या बोटात टिकत नाही. मग टॉस जिंकला की अर्धी मॅच जिंकली!

"आयपीएल संपल्याशिवाय कशी घेणार?" म्हणे. अहो, आपली आयपीएलमध्ये खेळणारी पोरं किती? बाकीची एप्रिल-मेमध्ये मोकळीच असतात की. टीव्हीवर आयपीएलशी टक्कर नको, एवढंच खरं कारण असावं. तेव्हा दुपारी खेळवा, घामाघूम होऊन बघू. आणि जूनच हवा असेल तर फायनलला राखीव दिवस निदान तीन तरी ठेवा.