अंगावरचे चट्टे आणि ताटातली उणीव



युनियनच्या मासिकात कातडीच्या दुखण्यावर लेख कशाला, असे काहींना वाटेल. परंतु आमच्या मते हा प्रश्न जितका डॉक्टरांचा आहे तितकाच पगाराचाही आहे, म्हणून तो येथे मांडत आहोत.

आमच्या शाखेतील एका ट्रॅकमनच्या मानेभोवती, हातांच्या पाठीवर व पायांवर काळपट, खरबरीत चट्टे उठले. उन्हात गेले की आग होई. कोणी म्हणाले, कुष्ठ आहे. गँगमध्ये त्याचा पाण्याचा तांब्या वेगळा झाला. मलमाच्या नळ्या संपल्या, गुण आला नाही. पुढे जुलाब लागले, झोप उडाली. अखेर डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवतोस काय?" कुटुंब गावी, हा एकटा. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि रात्री दारू. रोग निघाला पेलाग्रा, म्हणजे नियासिन या 'ब' गटातील जीवनसत्त्वाची उणीव. गोळ्या आणि नीट जेवण मिळाल्यावर काही आठवड्यांत कातडी निवळली. तांब्या वेगळा ठेवणाऱ्यांना आम्ही वेळीच अडवले नाही, याची आम्हाला आजही लाज वाटते. कुष्ठ असते तरी तांब्या वेगळा ठेवण्याचे कारण नव्हते.

हीच चूक एकेकाळी अमेरिकेत झाली होती. तेथील दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्राने हजारो गरीब माणसे मरत होती आणि तो संसर्गाने पसरतो असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. 1914 मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवले. रोग संसर्गाचा नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. 1916 पासून साउथ कॅरोलायनातील कापडगिरण्यांच्या सात गावांत त्यांनी एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञासह घरोघरचे जेवण आणि मिळकत तपासली. निष्कर्ष सरळ होता. मिळकत जितकी कमी, तितका पेलाग्रा जास्त. ज्या घरांना दूध आणि ताजे मांस परवडत होते, तेथे रोग क्वचितच फिरकला.

आपल्या दख्खनच्या पठारावरही हा रोग होता. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतील पेलाग्राचा अभ्यास हैदराबादला डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. 1960 मध्ये त्यांनी ज्वारीतील ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवले. येथे गैरसमज नको. भाकरी वाईट नाही, नुसती भाकरी वाईट. सोबत डाळ, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी आणि जमल्यास दूध किंवा अंडे असेल तर काळजीचे कारण नाही.

आणखीही काही खुणा ओळखून ठेवाव्यात. ओठांचे कोपरे चिरणे व जीभ सोलवटणे ही बहुधा 'ब' जीवनसत्त्वांची किंवा लोहाची उणीव असते. कोपर-गुडघ्यांवर काटेरी पुरळ येऊन कातडी खडबडीत होणे, हे 'अ' जीवनसत्त्व, 'ब' जीवनसत्त्वे किंवा तेल-तूप कमी पडल्याचे लक्षण असू शकते. हिरड्यांतून रक्त येऊन जखमा लवकर भरत नसतील तर आवळा, लिंबू, पेरू खाण्यात आहेत का ते पाहावे. अर्थात प्रत्येक चट्टा ताटातूनच येतो असे नाही. नायटा, खरूज यांचे उपचार वेगळे आहेत आणि बधिर चट्टा असेल तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवावे. दारूने तर आहे तेही पोषण अंगी लागत नाही, हे आपल्याच माणसांना सांगायला आपण कचरू नये.

पण "चौरस आहार घ्या" असा उपदेश रिकाम्या खिशाला करून काय उपयोग? 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना आधी ताट मोजले. आहारतज्ज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार प्रत्येक प्रौढ माणसामागे 2700 कॅलरी धरल्या. त्या गरजाधिष्ठित वेतनासाठी रेल्वे व टपाल कामगार 1960 मध्ये आणि 19 सप्टेंबर 1968 रोजी संपावर गेले, तुरुंगात गेले, नोकऱ्यांना मुकले. 2016 मध्ये सातव्या वेतन आयोगाचे 18,000 रुपये किमान वेतन त्याच सूत्रावर बेतले गेले. आज आपल्या ताटात डाळ आहे, ती त्या लढ्याची आहे.

मात्र आपल्या शेजारी फलाट झाडणारा कंत्राटी सफाई कामगार आणि खेड्यात टपाल वाटणारा ग्रामीण डाक सेवक या वेतनश्रेणीबाहेर आहेत. त्यांच्या ताटाचे काय?

म्हणून प्रत्येक शाखेने दोन गोष्टी कराव्यात. रनिंग रूम, गँगची मुक्कामाची ठिकाणे व कॅन्टीन येथे डाळ, भाजी व ताजे अन्न मिळते का, याची पाहणी करून प्रशासनापुढे मागणी ठेवावी. आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनाचा प्रश्न आपल्या मागणीपत्रात घ्यावा.

यापुढे सोबत्याच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याचा तांब्या वेगळा करू नका. त्याचा डबा उघडून पाहा, आणि आपल्यातली भाजी त्यात वाढा.