घरचं काम : रंगाखालची चूक

दिवाळीआधी बेळगावच्या आमच्या घरातला हॉल मी स्वतःच रंगवला. मजुरी वाचली म्हणून खूश होतो. संध्याकाळी ट्यूब लावली, तर आजीच्या फोटोमागच्या भिंतीवर डागच डाग! बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

चूक रंगाची नव्हती. भेगांत पुट्टी भरली, पण वर प्रायमर मारलाच नव्हता. कोरी पुट्टी रंगातलं पाणी झटकन शोषते, म्हणून तिथे डाग दिसतात.

मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, धूळ पुसली, प्रायमर मारून रात्रभर वाळू दिला. रंगाचे दोन हात दिले, मध्ये चार तास थांबून. प्रत्येक भिंत एका दमात संपवली.

आजीचा फोटो बाबांनीच परत लावला. मंडळी, घाई रंगाखाली लपत नाही!