डोंगरउतारावरील घर

लोणावळा, मुळशी, पाचगणी या परिसरात अलीकडे जी आधुनिक निवासस्थाने उभी राहत आहेत, त्यांतील पुष्कळांच्या बांधकामाचा आरंभ जमिनीचा उतार नाहीसा करण्यापासून होतो, ही गोष्ट मला स्थापत्याच्या दृष्टीने अनुचित आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने भयावह वाटते. खरेदीखत झाले, सातबाऱ्यावर नाव चढले, की जेसीबी बोलावून वरच्या अंगाचा मुरूम खोदावा, तोच खालच्या अंगाला ढकलून सपाटी करावी आणि शहरातील भूखंडासाठी योजलेला नकाशा तिच्यावर जसाच्या तसा बसवावा, असा शिरस्ताच पडून गेला आहे. अशा घराचा मागचा भाग मूळ कातळावर आणि पुढचा भाग ताज्या भरावावर येतो. कातळ जागचा हलत नाही, भराव मात्र पावसाळ्यागणिक दबत जातो, आणि दिवाणखान्याच्या भिंतीत नेमकी त्या दोहोंच्या सांध्यावर तिरपी भेग उमटते, जी कितीही लांबी भरून रंगविली तरी पुढल्या श्रावणात पुन्हा डोके वर काढते.

वस्तुतः उताराच्या कलाने घर टप्प्याटप्प्याने उतरविले, म्हणजे रस्त्याच्या पातळीवर बैठक, अर्धा मजला खाली स्वयंपाकघर आणि त्याखाली दरीकडे तोंड केलेल्या निजण्याच्या खोल्या अशी रचना केली, तर खोदाई थोडकी होते आणि खालच्या खोलीचे छत वरच्या खोलीचे अंगण बनते. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ओढ्यावर योजलेल्या ‘फॉलिंगवॉटर’मध्ये मूळचा खडक चुलाण्यापाशी फरशीतून तसाच वर आलेला ठेवला आहे, परंतु त्याच घराचे अधांतरी सज्जे पुढे सुमारे सात इंच झुकले आणि २००२ मध्ये पोलादी तारा ताणून त्यांना सावरावे लागले, हेही आपल्या वास्तुविशारदांनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे तर खरा प्रश्न पाण्याचा आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि संरक्षक भिंत ढासळते ती बहुधा नुसत्या मातीच्या रेट्याने नव्हे, तर भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने. म्हणून भिंतीच्या पाठीशी दगडगोट्यांचा थर, भिंतीत निचऱ्याची छिद्रे आणि घराच्या वरच्या अंगाला पाणी वळविणारा चर, ही तीन कामे दिवाणखान्याच्या काचांपूर्वी व्हावयास हवीत. भिंत सुबक दिसावी म्हणून त्याच छिद्रांवर गिलावा फिरविलेला मी पाहिला आहे, आणि त्या भिंतीचे फुगलेले पोटही.

१:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामास राज्याची विकास नियंत्रण नियमावली मज्जाव करते, ती तरतूद योग्यच आहे. तिचा अंमल मात्र सपाटीकरणानंतरच्या नव्हे, आधीच्या मोजणीवर व्हावा. त्याहून सौम्य उतारासाठी मंजुरीच्या दरखास्तीसोबत पाण्याच्या निचऱ्याचा स्वतंत्र नकाशा सक्तीने मागावा, आणि वळविलेले पाणी खालच्या वाडीतील कोणाच्या परसात जाणार आहे, याचे उत्तर त्यावर रेखाटल्याखेरीज जोत्याचा दाखला देऊ नये.