घरकुलाचे कर्ज आणि घराखालची जमीन

खेड्यातील घरबांधणीसाठी शासनाने पैसा उपलब्ध करून दिला की निवाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटतो, असा समज आपल्याकडे दृढमूल झालेला आहे. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण विभाग सुरू झाला, तेव्हा सपाट प्रदेशातील घराकरिता १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान ठरले. त्याखेरीज लाभार्थ्याची इच्छा असल्यास त्याला वित्तसंस्थेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज मिळावे, अशीही तरतूद झाली. जे या यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी २०१७ साली २ लाखांपर्यंतच्या गृहकर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची निराळी योजना आली. कागदावर ही रचना सुबक आहे. मात्र प्रत्येक कर्जामागे तारण लागते आणि घरकर्जाचे तारण म्हणजे घर व त्याखालची जमीन, हे साधे सत्य तीत गृहीत धरले गेले. तपासले गेले नाही.

ते तपासण्यास खडवलीसारखे दुसरे ठिकाण नाही. कल्याण-कसारा लोहमार्गावर टिटवाळा मागे टाकले की भातसा नदीकाठचे हे गाव लागते. कल्याणहून वाशिंदपर्यंतचा लोहमार्ग १८५५ साली खुला झाला. म्हणजे येथील शिवारातून आगगाडी धावू लागल्यास पावणेदोनशे वर्षे होत आली. मुंबईत जागा न परवडणारा नोकरदार याच मार्गाने पूर्वेकडे सरकत गेला, आणि भाताच्या शेताला चाळीच्या भूखंडाची किंमत आली. या नोकरदाराला बँक कर्ज देते, कारण त्याच्या हाती पगारपत्रक आणि नोंदणीकृत खरेदीखत असते. या परिसरातील वाड्यांवर राहणाऱ्या कातकऱ्याच्या हाती दोन्ही नसतात. त्याची झोपडी अनेकदा कुणाच्या तरी शेताच्या बांधाशी किंवा वनजमिनीवर उभी असते.

त्याला कर्जच मिळत नाही, असे मात्र नाही. पावसाळा सरला की वीटभट्टीवर कामास येण्याच्या बोलीवर त्याला उचल मिळते, आणि ती फिटेपर्यंत त्याचे सारे कुटुंब विटा पाडीत राहते. या व्यवहारात तारण म्हणून गहाण पडते ते मनुष्याचे श्रम. ही प्रथा आजची नव्हे. लग्नाच्या कर्जापोटी सावकाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ची हकिकत सिमिंग्टन यांनी १९३९ सालच्या आपल्या सरकारी अहवालात नोंदविली होती. वेठबिगारीवर कायद्याने बंदी आली ती १९७६ साली. बंदीने सावकार दूर होतो, पण पतपुरवठ्याची गरज दूर होत नाही. आणि पत निर्माण करणारी मालमत्ता हाती नसली, तर गरजवंत पुन्हा त्याच दाराशी जातो.

अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने शासन ग्रामीण घरकर्जाच्या पाठीशी उभे राहिले. तेथे जमिनीच्या मालकीची नोंद स्थानिक दप्तरात आधीच होती, म्हणून कर्जाचा गाडा चालला. आपल्याकडे इंग्रजी अमदानीतील मोजणी मुख्यतः शेतसाऱ्यासाठी झाली. गावठाणातील घरांची स्वतंत्र नोंद बहुतेक गावी राहूनच गेली. २०२० च्या स्वामित्व योजनेने ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले, हे स्तुत्यच होय. परंतु तिचा रोख गावठाणावर आहे. परक्याच्या शेतातील वाडी त्या नकाशाबाहेरच राहते.

जागा नसलेल्यांना ती विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने राज्याने अर्थसाहाय्य सुरू केले. प्रारंभी ते ५० हजार रुपये होते. जेथे शेतमालकाला बांधकाम व्यावसायिकाचा भाव मिळू शकतो, तेथे एवढ्या रकमेत जागा कोण विकणार? २०२३ साली अतिमागास आदिवासी जमातींसाठी ‘जनमन’ अभियान आले. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड त्यात आहेत, आणि घरासाठी २ लाख रुपये आहेत. २०२५ साली राज्याने आवास योजनेच्या अनुदानात ५० हजारांची भर घालण्याचे जाहीर केले. रक्कम वाढते आहे, ते योग्यच आहे. पण मंजूर घरकुल बांधायचे कोठे, हा प्रश्न रकमेने सुटणारा नाही.

आश्चर्य याचे की त्याचे उत्तर कायद्यात पूर्वीच लिहिलेले आहे. १९४८ च्या कुळकायद्याने, मालकाच्या जागेवर स्वखर्चाने घर बांधून राहणाऱ्या कुळाला तेथून हुसकावण्यास मनाई केली आणि कलम १८ अन्वये तेच संरक्षण शेतमजूर व गावातील कारागीर यांनाही दिले. पुढे जोडलेल्या कलम १७ ब ने घराखालची जागा राहणाऱ्याच्याच नावे करण्याची वाट दाखविली. ज्या ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेथे या कलमांचा अंमल शासनाने स्वतः होऊन करावयास हवा होता. प्रत्यक्षात ज्याला अक्षरओळख नाही त्यानेच अर्ज करावा, पुरावे जोडावेत आणि तालुक्याच्या कचेरीत खेपा घालाव्यात, अशी अपेक्षा धरली जाते. खेपेगणिक त्याची एक दिवसाची मजुरी बुडते, हे कोणत्याही योजनेच्या खर्चात धरलेले नसते.

तेव्हा पुढच्या अनुदानाची घोषणा होण्यापूर्वी कल्याण व शहापूर तालुक्यांतील महसूल यंत्रणेने वाडीवाडीवर जाऊन, कोणते घर कोणाच्या गट क्रमांकात किती वर्षांपासून उभे आहे, याची सूची स्वतः तयार करावी. तलाठ्याकडे सातबारा आहे, ग्रामपंचायतीकडे घरपट्टीची नोंद आहे, आणि शेजारी साक्षीला आहेत. हे काम वीटभट्ट्या सुरू होण्याआधी, भातकापणीच्या सुमारास व्हावयास हवे; एरवी पंचनाम्याला गेलेल्या अधिकाऱ्यास वाडीवर कुलपेच आढळतील.