संगणकाचे घड्याळ मागे पडते तेव्हा

पेढीच्या जमाखर्चात तारखेचे मोल रकमेइतकेच असते. रोजमेळातील रक्कम बरोबर आणि तारीख चुकीची असेल, तर ती नोंद पुढे कोठे ना कोठे अडतेच. दुकानाचा हिशेब घरच्या संगणकावर लिहिणाऱ्या कुटुंबांनी म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे रोज सकाळी एकदा पाहावे. तेथे एखादे दिवशी दहा-बारा वर्षांपूर्वीचे साल दिसले, तर घाबरू नये. मात्र दुर्लक्षही करू नये.

संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. संगणक बंद असताना आतील घड्याळ त्याच्यावर चालते. या घड्याळात स्फटिकाचा एक बारीक तुकडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि त्या कंपनांवरून वेळ मोजली जाते. भिंतीवरील बटण चालू असते तोवर सेलवर भार फारसा पडत नाही. रात्री बटण बंद करण्याची सवय चांगलीच, पण तेवढा वेळ सारा भार सेलवर येतो. काही वर्षांनी तो क्षीण होतो आणि बटण बंद केले की तारीख मागे जाते.

याचे परिणाम अनपेक्षित ठिकाणी दिसतात. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना आरंभाची व अखेरची तारीख असते. संगणक जुने साल दाखवत असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अद्याप सुरूच झालेले नसते. मग बँकेचे किंवा जीएसटीचे पान उघडत नाही आणि दोष इंटरनेटला दिला जातो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. हिशेबाची आज घेतलेली बॅकअप प्रत जुन्या तारखेने साठते. पुढे गरज पडल्यावर तारीख पाहून ‘नवी’ म्हणून भलतीच प्रत उचलली जाते आणि मधल्या नोंदी पुसल्या जातात.

आधी निदान करावे. वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल नव्हे, टाइम झोन तपासावा. तारीख दुरुस्त करून, संगणक बंद करून, भिंतीवरील बटण रात्रभर बंद ठेवावे. सकाळी तारीख पुन्हा मागे गेली, तर बहुधा सेल संपला आहे.

डेस्कटॉपचा सेल घरी बदलता येतो. त्यावर बहुधा सीआर 2032 असे लिहिलेले असते. त्याचा व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर आणि दाब 3 व्होल्ट. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. प्रथम हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बायोसमधील मांडणीची मोबाइलवर छायाचित्रे काढावीत, कारण सेल निघताच ती मांडणी मूळ स्थितीला जाऊ शकते.

नंतर संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटचे झाकण उघडून आतील धातूच्या चौकटीला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरते. सेलच्या कडेची पट्टी हलकेच दाबली की सेल वर येतो. नवा सेल अधिकचे चिन्ह जुन्याप्रमाणेच ठेवून बसवावा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ 2 दाबून बायोसमध्ये जावे, तारीख-वेळ भरावी व मांडणी छायाचित्रांशी ताडून पाहावी. लॅपटॉप मात्र जाणकाराकडेच द्यावा. त्याची रचना दाटीची असते.

घरात लहान मूल असेल, तर जुना सेल क्षणभरही उघड्यावर ठेवू नये. हा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका थोड्याच तासांत आतून भाजते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जुन्या सेलवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा.

सेल बदलल्यावर, तारीख मागे असतानाच्या काळात केलेल्या नोंदी व बॅकअप प्रती काढून त्यांच्या तारखा एकदा तपासाव्यात. नव्या सेलची तारीख लिहिलेली चिठ्ठी झाकणाच्या आतून चिकटवावी. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्याला ती उपयोगी पडते.