तुर्भे खुर्द की तुर्भे बुद्रुक?

पोलादपूर तालुक्यात तुर्भे खुर्द आणि तुर्भे बुद्रुक अशी दोन गावे आहेत. समजा, दोन्हीकडच्या एकाच नावा-आडनावाच्या दोन बायका पावसाळ्यात एकाच दिवशी तापाने दाखल झाल्या. महाड-पोलादपूरकडे यात नवल नाही, एकेका वाडीत निम्मी घरे एकाच आडनावाची असतात. रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर दोघींच्या गावापुढे नुसते 'तुर्भे' छापले गेले, तर कोणाचा रिपोर्ट कोणाच्या केसपेपरला लागेल?

असे होऊ शकते, आणि त्याचे मूळ 'सी' या संगणकीय भाषेत सापडते. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा आजही असंख्य यंत्रांच्या पोटात आहे. तिच्यात अक्षरासाठी 'कॅर' नावाचा एका बाइटचा खण असतो. इंग्रजी अक्षर त्यात मावते. देवनागरीतला प्रत्येक घटक मात्र यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतो, आणि काना, मात्रा, उकार, हलन्त हे सारे वेगळे घटक. 'तुर्भे'चेच १८ बाइट होतात. गावासाठी २० खण ठेवले असतील, तर पुढची मोकळी जागा धरून १९ भरतात आणि विसावा समाप्तीच्या खुणेला जातो. खुर्द-बुद्रुक बाहेरच! इंग्रजीत तुर्भे बुद्रुक १३ खणांत बसते, म्हणून चाचणीत कोणाला काही खटकत नाही.

दुसरी खोड अधिक छुपी. बऱ्याच संगणकांवर हा खण उणे १२८ ते १२७ असा वाचला जातो. देवनागरी घटकाचा पहिला बाइट २२४, तो उणे ३२ होतो. 'हे अक्षर आहे का' हे तपासणाऱ्या तयार फंक्शनला असा आकडा दिला, तर काय घडेल याची भाषा हमी देत नाही. आधी 'अनसाइन्ड कॅर' करून घेतले की हा धोका टळतो. मराठी अक्षर ओळखायला मात्र युनिकोड जाणणारी लायब्ररीच लागते.

'मग नावे इंग्रजीतच लिहा' हा सल्ला मला मान्य नाही. लेबलावरचे आपले नाव वाचून चूक पकडणारा पहिला माणूस रुग्णच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच ओळखीच्या किमान दोन खुणा तपासायला सांगितले. सॉफ्टवेअर विकत घेताना सरकारी रुग्णालयांनी जोडाक्षरांची, लांबलचक मराठी नावे घालून चाचणी मागावी आणि ती निविदेतच लिहावी. तोवर नळीवर पेनाने 'खुर्द' लिहिणारी सिस्टर वेळ वाया घालवते, असे कोणी म्हणू नये.